ताप उतरला त्या दिवशी

मित्रांनो, मी एक जुनी पेशी आहे. जुनी म्हणजे मला आता बावीस वर्षे होऊन गेली. तुम्हाला ते वय काहीच वाटणार नाही. पण रक्तातल्या कितीतरी पेशी चार-आठ दिवसांत संपतात, आणि लाल पेशी फार तर चार महिने तग धरतात. त्यांच्या मानाने मी खापरपणजीच म्हणायची. माझा रंग पांढरा, अंग गोल, आणि मी इतकी लहान की टाचणीच्या डोक्यावर माझ्यासारख्या हजारो जणी मावतील. मी एका बाईच्या काखेतल्या छोट्या गाठीत राहते. ही बाई टायरचे पंक्चर काढते. रस्त्यावरचे सगळे तिला ताई म्हणतात, म्हणून मीही ताईच म्हणते.

काखेत बसलेल्या पेशीला बाहेरचे कसे ऐकू येते, असे तुमच्यातला एखादा चोंबडा विचारीलच. शेजारच्या खोलीतले भांडण तुम्हाला भिंतीला कान न लावता ऐकू येते ना? तसेच हे. ताई बोलली की माझ्या घराला हादरा बसतो, आणि तिच्या आईचा आवाज तर थेट हाडापर्यंत जातो.

माझे काम एकच, चेहरा लक्षात ठेवणे. एकदा पाहिलेला जंतू मी विसरत नाही. हा माझा गुण आहे, आणि ज्या गोष्टीची मला आज लाज वाटते ती याच गुणापायी घडली. ती सांगितल्याशिवाय मला चैन पडत नाही.

माझा जन्म ताईच्या हाडांच्या आतल्या मऊ गाभ्यात झाला. तिथे आमच्यासारख्या रोज कोट्यवधी जणी जन्मतात. प्रत्येकीला एक चिमटा मिळतो, आणि प्रत्येकीचा चिमटा वेगळ्या मापाचा. कोणाचा कुठल्या जंतूला बसेल, कशाचा काही नेम नाही. माझ्याबरोबरच्या बहुतेक जणी आपला चिमटा एकदाही न वापरता निघून गेल्या. मोठी माणसे या चिमट्यांना प्रतिपिंडे म्हणतात. शब्द भारदस्त आहे, पण मला आपला चिमटाच बरा वाटतो.

ताई नऊ वर्षांची असताना तिला ताप आला. त्याच आठवड्यात तिच्या सहा वर्षांच्या भावालाही आला. हा भाऊ अंगाने काडी, उंचीने ताड आणि डोक्याने मोठा, म्हणून वडिलांनी त्याचे नाव पाना ठेवले होते. नट फिरवतात तो पाना. वडिलांचे पंक्चरचे दुकान होते, त्यांना दुसरे काय सुचणार? पोराचे खरे नाव शाळेच्या दाखल्यावर राहिले आणि तो सगळ्या रस्त्याचा पाना झाला.

तो ताप डासाने आणला होता. डासाच्या तोंडातून विषाणू रक्तात शिरला, फिरत फिरत आमच्या गाठीत आला, आणि माझा चिमटा त्याला खटकन बसला. मित्रांनो, त्या क्षणाचा आनंद मी काय सांगू! इतक्या जणींत मी एक कामाची निघाले होते. मी एकीच्या दोन झाले, दोघींच्या चार, आणि बघता बघता आमची हजारोंची फौज झाली. दर पिढीला चिमटा थोडा घासून घ्यायचा, जरा अधिक नेमका करायचा, असे आमचे चालले होते. आमच्यातल्या काही जणींनी चिमटे बनवून रक्तात सोडण्याचे काम घेतले. ते विषाणूला चहूबाजूंनी धरायचे, त्याला हलता येईना असे करायचे, आणि मग मोठ्या खादाड पेशी येऊन त्याला गिळून पचवून टाकायच्या. सहाव्या दिवशी ताई अंथरुणातून उठली आणि तिने पहिले काम काय केले असेल, तर पानाच्या हातातले चित्रांचे पुस्तक ओढून घेतले. पानाही तोवर बरा झाला होता.

“डेंग्यू होता,” तपासायला आलेले म्हातारे डॉक्टर म्हणाले, “पण सौम्य होता. पोरं दणकट आहेत.”

“सुटलो बाई एकदाचे,” आई म्हणाली. “गोवर एकदाच, कांजिण्या एकदाच, तसाच हाही. आता जन्मात नाही यायचा.”

हे मीही ऐकले. मला ते इतके आवडले की मी ते खरेच धरून चालले. लढाई संपल्यावर आमची फौज पांगली, आणि आठवण ठेवायला म्हणून मोजक्या जणींना मागे ठेवले गेले. मी त्यांतली एक.

पुढची बावीस वर्षे मला काम असे नव्हतेच. सर्दी आली, पडसे आले, एकदा ताईच्या पायात खिळा शिरला. इतर पेशींची धावपळ व्हायची. मी आपली बसून. हे माझ्याकडचे काम नाही, म्हणायचे आणि कूस बदलायची. जुन्या कारकुनासारखे माझे झाले होते. टेबलावर कागद येत नाही, कोणी विचारत नाही, पण आपल्यावाचून सगळे अडणार ही खात्री मात्र पक्की. मधूनमधून मी तो जुना चेहरा आठवून बघायचे. असा गोल, असे कंगोरे. येऊ दे पुन्हा, म्हणायचे, बघतेच त्याला.

या काळात बाहेर बरेच काही बदलले. वडील गेले. दुकान ताईने घेतले. बाईमाणूस टायर काय उघडणार, म्हणून गिऱ्हाइके आधी हसली. मग तिने एकदा ट्रकचे चाक एकटीने उतरवून दाखवले, तेव्हा हसणारे जॅक धरायला पुढे आले. पाना तिच्या हाताखाली शिकला आणि एका गोष्टीत तिच्याही पुढे गेला. गळती शोधण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. ट्यूबमध्ये हवा भरायची, ती पाण्याच्या टपात दाबून फिरवायची, जिथून बुडबुडे येतील तिथे खूण करायची, ही सगळ्यांची पद्धत. पाना पुष्कळदा टपापर्यंत जायचाच नाही. ट्यूब गालाजवळून फिरवायचा, आणि बारीक हवा लागली की म्हणायचा, “इथे आहे बघ. गालाला गुदगुल्या झाल्या.”

“तुझ्या गालाला पगार द्यायला हवा,” ताई म्हणायची.

“गालाला नको, गालाच्या मालकाला दे. आणि एक सुट्टीपण दे.”

“सुट्टी कशाला? काम करतोस कधी?”

असे त्यांचे दिवसभर चालायचे. ताईचे प्रेम असेच होते. ती कोणाला बरे वाटेल असे बोलायची नाही, पण जेवताना मोठा वाटा भावाच्या ताटात जायचा.

आता तुम्हाला दुकानाच्या मागची बाजू दाखवली पाहिजे. तिथे जुन्या टायरांची चळत होती, माणसाच्या खांद्याइतकी उंच. कधी तरी विकू म्हणून ठेवलेली. पाऊस पडला की प्रत्येक टायरच्या पोटात ओंजळभर पाणी साचायचे. पुढच्या टपातले पाणीही आठ-आठ दिवस तेच असायचे, कारण त्यात घाण दिसत नव्हती. स्वच्छ तर आहे, ओतायचे कशाला, असे ताई म्हणायची. मित्रांनो, डेंग्यूच्या डासाला गटार लागत नाही. त्याला असलेच स्वच्छ, कोणी न हलवलेले पाणी आवडते. दिवसाढवळ्या, काम चालू असताना, तो त्या दोघांनाही चावला.

सोमवारी पानाला ताप भरला. सडकून ताप, डोळ्यांच्या मागे ठणका, अंगाचे हाड न् हाड दुखतेय म्हणत होता. आईने जवळच्या दवाखान्यातून तापाच्या गोळ्या आणल्या. तिथल्या माणसाने रक्त तपासून घ्या म्हणून सांगितले होते.

“डेंग्यू नसेल ना?” आई म्हणाली.

“तो होऊन गेलाय आमचा, लहानपणीच,” पाना पांघरुणातून म्हणाला. “एकदा पास झालेला पेपर पुन्हा देत नाहीत.”

आई, ताई आणि तो, तिघेही हसले. खोटे कशाला बोलू, आत बसून मीही हसले. रक्त तपासायचे राहूनच गेले.

शुक्रवारी सकाळी ताप उतरला. आईने त्याच्या कपाळाला हात लावला आणि आनंदाने ओरडली, “गार आहे गं कपाळ!” ताई दाराशी उभी होती, हातात दुकानाची किल्ली. बुधवारपासून एक ट्रक दुकानापुढे चार चाके काढून उभा होता आणि ट्रकवाला तिचे डोके खात होता.

“ताप गेला ना? मग ऊठ आता,” ताई म्हणाली. “चार दिवस लोळून झालं. नाटकं पुरे.”

“पोटात दुखतंय गं.”

“चार दिवस धड खाल्लं नाहीस, दुखणारच. दूध पी आणि ये मागून.”

तो आला. कधी नव्हे तो काही न बोलता आला. उपड्या डब्यावर बसून त्याने एक चाक हातात घेतले. टायर उघडायची पट्टी त्याच्याकडून घेताना ताईचा हात त्याच्या हाताला लागला. हात थंडगार आणि ओलसर होता.

“गार पडलास की रे,” ती म्हणाली. “बरं झालं. ताप मुळासकट गेला.”

हे वाक्य ताई अजूनही विसरलेली नाही. मी आत राहते, मला माहीत आहे. एखादे वाक्य आठवले की माणसाच्या छातीत काय होते, ते आम्हाला कळते.

दुपारपर्यंत तो मागे जाऊन दोनदा उलटी करून आला. सकाळपासून त्याला एकदाही लघवी झाली नव्हती, पण हे कोण कोणाला विचारतो? तीनच्या सुमारास त्याने एक ट्यूब टपात दाबली. बुडबुड्यांची सरळ माळ वर येत होती. तो तिच्याकडे बघत होता आणि त्याला ती दिसत नव्हती.

“झोपलास का?” ताई ओरडली. “एवढं मोठं भोक दिसत नाही?”

“मला जरा आडवं होऊ दे, ताई.”

तो आडवा झाला तो पुन्हा आपल्या पायांवर उठला नाही. ज्या ट्रकवाल्याने तीन दिवस कटकट केली, त्यानेच त्याला उचलून दुसऱ्या गाडीत घातले आणि मोठ्या हॉस्पिटलात नेले. तिथे नाडी सापडेना. डॉक्टरांनी पुष्कळ केले. शनिवारी दुपारी पाना गेला. अठ्ठावीस वर्षांचा होता.

मित्रांनो, त्याच्या अंगात माझ्यासारखीच एक जुनी पेशी होती. त्याच वर्षीची, त्याच तापाची, तोच चेहरा लक्षात ठेवून बसलेली. तिने काय केले ते मी पाहिले नाही. पण लगेच पुढच्या दिवसांत मी तेच केले, म्हणून मला ते पक्के माहीत आहे.

शनिवारी घरात रडारड चालली असताना काहीतरी आमच्या गाठीत आले. गोल अंग, तेच कंगोरे. मी उठून बसले. बावीस वर्षे ज्याची वाट पाहिली तो दारात उभा होता. ओळखले, ओळखले, म्हणत मी कोणालाही पुढे येऊ दिले नाही. नव्या पेशी होत्या, त्यांना त्याचे नीट निरीक्षण करायचे होते. त्यांना मी म्हटले, तुम्ही बसा, ह्याला मी लहानपणापासून ओळखते. आणि मी पुन्हा एकीच्या दोन, दोघींच्या चार होत चिमट्यांचा पाऊस पाडला.

तो तो नव्हताच.

डेंग्यूचे विषाणू चार आहेत. चौघे सख्खे भाऊ म्हणा. नाकडोळे सारखे, पण एक म्हणजे दुसरा नव्हे. लहानपणी येऊन गेला तो त्यांतला एक, आणि आता आला तो दुसरा. माझा चिमटा पहिल्याच्या मापाचा होता. दुसऱ्याला तो लागला, पण घट्ट बसला नाही. विषाणू जिवंतच राहिला, आणि वर त्याला माझ्या चिमट्यांच्या मुठी लागल्या. आमच्या खादाड पेशींना चिमट्याची मूठ दिसली की त्या ती पकडून आत ओढतात, कारण चिमट्यात धरलेला तो मेलेला, असा आमच्यातला वर्षानुवर्षांचा विश्वास. त्यांनी विषाणूला आत ओढले. आत जाऊन तो मेला नाही. तिथे बसून त्याने आपली पिल्ले काढली. जे दार त्याला एरवी इतक्या सहज उघडले नसते, ते मी माझ्या हाताने उघडून दिले होते.

पुढचे तर आणखी वाईट. ज्या पेशीत शत्रू शिरतो ती हाका मारते. या हाका म्हणजे बारीक रसायने असतात. ती रक्तातून पसरतात आणि रक्तवाहिन्यांच्या भिंतींना सांगतात, जरा सैल व्हा, मदतीला येणाऱ्यांना बाहेर जायला वाट द्या. एरवी हे फार चांगले असते. पायात खिळा गेला होता तेव्हा असेच झाले होते. तेवढीच जागा लाल झाली, सुजली आणि बरी झाली. पण आता एका जागी नाही, सगळ्या अंगात एकदम हाका सुरू झाल्या. माझ्यासारख्याच जुन्या आठवणीच्या दुसऱ्या पेशी धावल्या, त्यांनीही चेहरा चुकीचा ओळखला, आणि त्याही ओरडू लागल्या. विषाणू स्वतःही भिंती पोखरणारे एक द्रव्य सोडतो. ह्यात त्याचा दोष किती आणि आमचा किती, यावर शास्त्रज्ञांचे अजून एकमत नाही. मला मात्र माझ्या वाट्याचे पुरते ठाऊक आहे.

रविवारी ताईला ताप भरला. ती कोणाला बोलली नाही. भाऊ गेल्यावर स्वतःच्या तापाचे काय कौतुक? पण सोमवारी आईने तिचा हात धरला आणि दोन दिवसांपूर्वी जिथून मुलाला आणले होते, त्याच हॉस्पिटलात तिला ओढत नेले. पानाला तपासणाऱ्या डॉक्टरबाईच तिथे होत्या. बोलायला तुटक, पण माणसाच्या डोळ्यांत बघून बोलणाऱ्या.

“ताप उतरला होता हो त्याचा,” ताई म्हणाली. “बरा झाला म्हणून मीच त्याला कामाला उठवलं.”

“ताप उतरणं म्हणजे बरं होणं नाही, निदान ह्या आजारात,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “बहुतेकांचा ताप उतरतो आणि ते खरंच बरे होतात. दुसऱ्यांदा डेंग्यू झालेलेसुद्धा. पण थोड्यांच्या बाबतीत खरा धोका त्याच दिवशी सुरू होतो. विषाणू तोवर कमी झालेला असतो. आपलंच शरीर त्याच्यावर इतकं खवळतं की रक्तवाहिन्या पाझरायला लागतात. रक्तातलं पाणी पोटात उतरतं, छातीत उतरतं. मागे राहतं ते घट्ट रक्त, आणि तेही कमी. हातपाय गार पडतात, लघवी होत नाही, पोट दुखतं.”

ताई म्हणाली, “म्हणजे गळती.”

“हो. गळतीच.”

“मग भोक शोधून पॅच नाही मारता येत?”

“एक भोक नसतं ना. सगळी ट्यूबच पाझरते. पॅच नाही. दोन दिवस वरून मोजूनमापून पाणी भरत राहायचं, जास्तही नाही आणि कमीही नाही. मग भिंती आपणहून घट्ट होतात.”

“दोनच दिवस?”

“बहुतेक वेळा दोनच दिवस.”

“मी त्याला घरी झोपू दिलं असतं तर?”

“घरी झोपवून फरक पडला नसता,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “शुक्रवारी सकाळी इथे आणला असता, तर बहुधा वाचला असता.”

त्या खोलीत हे ऐकणाऱ्या आम्ही तिघी होतो. मला तेव्हा पहिल्यांदा कळले की मी काय करून बसले आहे. मी माझ्या चिमट्यांना परत बोलवायला निघाले. पण सुटलेला चिमटा परत येत नाही, मित्रांनो. तोंडातून गेलेल्या शब्दाचे होते तेच त्याचे. मी गाठीत बसून राहिले आणि बाहेर त्या हाका वाढत गेल्या.

रक्त तपासून, ताप उतरला की त्याच दिवशी घेऊन या असे बजावून डॉक्टरबाईंनी ताईला घरी पाठवले होते. गुरुवारी सकाळी ताईचा ताप उतरला. आईने कपाळाला हात लावला, कपाळ गार लागले, आणि ह्या वेळी ती किंचाळली. तासाभरात ताई हॉस्पिटलच्या खाटेवर होती. पुढचे दोन दिवस मी आयुष्यात विसरणार नाही. माझ्याभोवतीचे पाणी हळूहळू आटत होते. रक्त घट्ट होत चालले, लाल पेशी दाटीवाटीने एकमेकींना ढकलत पुढे सरकत होत्या. भिंतींच्या फटींतून पाणी नुसते निघून जात होते, आणि त्याला अडवणारी मी कोण? मीच तर त्या फटी पाडायला लावल्या होत्या.

खाटेशेजारी आई एक वही घेऊन बसली होती. दर वेळी लघवी किती झाली ते ती मापाच्या भांड्यात बघायची आणि लिहायची. नर्स बोटातून थेंब घेऊन रक्त किती घट्ट झाले ते बघायची. त्याप्रमाणे डॉक्टरबाई सलाइनचे थेंब वाढवायच्या, कमी करायच्या. भेटायला येणारा प्रत्येक माणूस विचारायचा, “प्लेटलेट किती?” शेवटी डॉक्टरबाई वैतागून म्हणाल्या, “प्लेटलेट मी बघते. तुम्ही लघवी विचारा.” एरवी ताई ह्यावर खो खो हसली असती. तिने नुसते डोळे मिटून घेतले.

शनिवारी दुपारी भिंती पुन्हा घट्ट झाल्या. बरोबर एका आठवड्यापूर्वी, त्याच वेळी, त्याच इमारतीत पाना गेला होता. बाहेर गेलेले पाणी परत रक्तात येऊ लागले. डॉक्टरबाईंनी लगेच सलाइन थांबवले, कारण आता जास्त झाले तरी धोका असतो. ताई वाचली. मीही वाचले. मी वाचायला नको होते, असे मला त्या दिवशी वाटले आणि अजूनही कधी कधी वाटते.

घरी आल्यावर ताईने पहिले काम केले ते म्हणजे मागची टायरांची सगळी चळत भंगारवाल्याला देऊन टाकली. पुढचा टप ती आता रोज संध्याकाळी रस्त्यावर उपडा करते आणि ब्रशने घासते. हे केले तरी मन शांत होते असे नाही. कितीतरी दिवस ती आईशीही बोलत नव्हती. मग एकदा भांडी घासता घासता म्हणाली, “मीच उठवलं त्याला. नाटकं म्हटलं.”

“कपाळ गार आहे असं मी ओरडले,” आई म्हणाली. “मी ओरडले नसते तर तू उठवलंच नसतंस.”

“हातसुद्धा लागला होता गं मला. एवढा गार हात.”

दोघी आपापल्या अंगावर दोष ओढून घेत होत्या आणि कोणी सोडायला तयार नव्हते. मला सांगावेसे वाटले, की बायांनो, गप्प बसा, तुम्हाला माहीत नव्हते. ओळखल्याची घमेंड तर मी केली. पण माझा आवाज त्यांच्यापर्यंत पोचत नाही. आणि खरे सांगू? आम्ही पेशींनी ओरडायचे तेवढे ओरडून झाले होते.

तुम्ही आमच्यावर रागावून मोकळे होऊ नका एवढेच मागते. आमच्याशिवाय तुम्ही साध्या ओरखड्यानेही दगावाल. रागावायचेच तर एका गोष्टीवर रागवा, आपल्याला सगळे ठाऊक आहे ह्या खात्रीवर. ती माझ्यात होती, आईच्या बोलण्यात होती, पानाच्या विनोदात होती.

मागच्या महिन्यात एक मोटरसायकलवाला दुकानात आला. मागचे चाक बसले होते. माणूस खुशीत होता.

“आठ वर्षांची पोरगी आहे माझी,” तो आपणहून सांगू लागला. “डेंग्यू निघाला होता. पाच दिवस झोप नव्हती. आज सकाळी ताप उतरला, म्हणून आलो बाहेर.”

ताईच्या हातातली पट्टी थांबली. “लघवी कधी झाली तिला?”

“काय?”

“सकाळपासून लघवीला किती वेळा गेली? पोट दुखतंय का? उलटी? हातपाय गार लागतात का?”

“अहो ताई, तुम्ही पंक्चर काढा ना. ताप उतरलाय म्हटलं.”

“म्हणूनच विचारतेय. बायकोला फोन लावा.”

त्याने कपाळाला आठ्या घालून फोन लावला. बायको म्हणाली, सकाळपासून गेली नाही बहुतेक, आणि पोटात दुखतंय म्हणतेय. ताईने चाक तसेच उघडे टाकले, दुकानाचे दार ओढले, शेजारच्या गॅरेजवाल्याची गाडी मागितली आणि त्या माणसाला घेऊन त्याच्या घरी गेली. पोरीला उचलून त्या डॉक्टरबाईंकडे नेले. तिथे बोटातून रक्त घेतले, पोट दाबून बघितले, नाडी बघितली. पोरीने तिथेच लघवीपण केली, भरपूर.

“काही नाही,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “छान आहे. पोट उपाशी आहे म्हणून दुखतंय. दोन दिवस लक्ष ठेवा, उद्या एकदा दाखवून जा.”

परत येताना तो माणूस धुसफुसत होता. “उगाच धावपळ झाली, ताई. माझा दिवस गेला, तुमचं दुकान बंद राहिलं.”

“हो,” ताई म्हणाली. “उगाचच झाली.”

तिने त्याचे चाक बसवून दिले. तो गेला. मग ती दुकानाच्या पायरीवर बसली आणि हात तसेच काळे असताना तोंड झाकून रडली. भाऊ गेला तेव्हाही ती अशी रडली नव्हती. मी आत होते. मला माहीत आहे ती का रडली. त्या शुक्रवारी अशीच उगाच धावपळ तिच्या नशिबी यायला हवी होती.

म्हणून मित्रांनो, ह्या म्हातारीचे एवढे ऐका. घरात डेंग्यूचा ताप असेल आणि तो उतरला, तर आनंद जरूर करा, पण पुढचे दोन दिवस माणसाला सोडू नका. त्याला लघवी होते का विचारा, लाजू नका. पोट दुखते का, उलट्या होतात का, हिरड्यांतून रक्त येते का, हात गार लागतात का ते बघा. ह्यातले एकही दिसले, तर हातातले काम टाकून त्याला डॉक्टरांकडे न्या. डॉक्टर म्हणतील, काही नाही, उगाच आलात. लोक हसतील. हसू देत त्यांना.